खुणा बुजल्या, नळ राहिले

सोनारीला चैत्रात भैरवनाथाची यात्रा भरते. परंडा तालुक्यातले हे आमचे गाव एरवी शांत. पण यात्रेच्या दिवसांत कुळाचाराला लांबून माणसे येतात, घरोघर पाहुणे असतात आणि देवळाभोवतीच्या वानरांचीही चंगळ होते. दोन वर्षांपूर्वी नेमक्या त्या दिवसांच्या तोंडावर मला घरापुढे बाग करण्याची हुक्की आली. कडुनिंब, पारिजातक, कुंपणाला मेंदी आणि मधे थोडी हिरवळ, असा बेत होता. जमीन उन्हाने दगडासारखी झालेली, म्हणून शेजारच्या शेतात चालू असलेला जेसीबी तासाभरासाठी बोलावला. चौथा खड्डा घेताना बकेटचा दात कशाला तरी अडला, चालकाने जरा जोर लावला आणि पुरुषभर उंचीचा पाण्याचा फवारा उडाला. आमच्या आळीचा मुख्य नळ मी फोडला होता.

आधी पाणी बंद करायला हवे होते. पण ते कुठून बंद होते हे मला माहीत नव्हते, आणि जमलेल्या वीस-पंचवीस जणांपैकीही कोणाला माहीत नव्हते. शेवटी गावात पूर्वी पाणी सोडण्याचे काम करणाऱ्या काकांना मोटारसायकलवर बसवून आणले. ते काम सोडून त्यांना बरीच वर्षे झाली होती. काठी टेकत ते मारुतीच्या पारापाशी गेले, तिथून पावले मोजली आणि पेव्हर ब्लॉक बसवलेल्या जागेवर काठी आपटून म्हणाले, "हितं उकरा." दोन ब्लॉक काढले, वीतभर माती काढली, तेव्हा व्हॉल्व्हचे गंजलेले झाकण लागले. मग ते माझ्याकडे वळले. "आरं, खांदायच्या आदी इचारायचं तरी. नळ काय वर डोकं काढून बसतोय व्हय?"

आळीला दोन दिवस पाणी नव्हते. ऐन यात्रेत, घरात पाहुणे असताना, शेजारच्या मावशी माझ्या दारावरून घागर घेऊन जात-येत राहिल्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागले. मी इतिहासाचा पदवीधर नाही. शेतीच्या मोटारी दुरुस्त करणे हा माझा पोटाचा धंदा. पण गेली वीसेक वर्षे जुने आड, बारवा आणि तलाव हिंडून पाहणे, जिल्ह्याच्या ग्रंथालयात बसून गॅझेटियर वाचणे हा नाद आहे. ज्याला चारशे वर्षांपूर्वीचे नळ कुठून गेले हे सांगता येते, त्याला स्वतःच्या दारातला नळ ठाऊक नसावा, याची लाज वाटली. या लेखाचे मूळ त्या लाजेत आहे.

श्वास घेणारे नळ

काकांचा प्रश्न मी मनात उलटसुलट करत होतो. नळ वर डोके काढून बसत नाही हे आजचे खरे. पण जुना नळ डोके वर काढून बसत असे, आणि तसा तो मुद्दाम बांधलेला असे.

पुण्याचे उदाहरण बहुतेकांना माहीत आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत आणले. या नळावर ठरावीक अंतराने जे मनोरे बांधले त्यांना उच्छ्वास म्हणतात. नाव फार नेमके आहे. पाणी केवळ उतारावर वाहत येते, तेव्हा त्याच्याबरोबर हवा येते. ती कुठे कोंडली तर पाण्याची वाट अडते. तिला बाहेर पडायला तोंड हवे, गाळ काढायला माणूस आत उतरला पाहिजे, आणि पाणी कुठे तुंबले ते वरून पाहता आले पाहिजे. ही सारी कामे उच्छ्वास करी. आणखी एक काम तो न सांगता करी. दोन उच्छ्वासांच्या मधून डोळ्यांनी रेघ ओढली की नळ कुठून गेला ते शेंबड्या पोरालाही कळे.

अहिल्यानगरात, म्हणजे जुन्या अहमदनगरात, हीच गोष्ट दोनशे-अडीचशे वर्षे आधी दिसते. निजामशाहीने शेंडी, कापूरवाडी, भिंगार अशा भोवतालच्या गावांकडून शहरात पाणी आणले ते खापरी नळांनी. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचा नळ. त्याचे एक तोंड अरुंद, दुसरे रुंद. एकाचे अरुंद तोंड पुढच्याच्या रुंद तोंडात बसवायचे, सांधा चुन्याने भरायचा आणि सगळी ओळ चुन्याच्या बांधकामात पक्की करायची. हश्त बेहश्त बाग आणि फराह बाग ही तिथली निजामशाही उद्याने. दोन्हीकडे मधे महाल आणि भोवती पाणी. ते पाणी दुरून आणलेले होते. बागेसाठी लोकांनी कोसांवरून नळ आणला, आणि मी बागेसाठी दारातला नळ फोडला, हा विचार तेव्हा मनात आल्याशिवाय राहिला नाही.

विजापुरात अशा मनोऱ्यांना गंज म्हणतात. तिथे ते पाण्याचा दाब तोडण्यासाठी आणि गाळ खाली बसवण्यासाठी बांधले. बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुल रहीमच्या काळात, डोंगराच्या बाजूने भूजल शहराकडे आणणारी योजना झाली. तिच्यावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. जमिनीवर विहिरींची लांब रांग दिसते. खाली त्या सगळ्या एकाच भुयाराने जोडलेल्या आहेत.

मला मात्र सगळ्यांत जवळची वाटते ती छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी. याला स्थानिक कारण आहे. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि बुडू लागलेल्या राज्याची राजधानी काही काळ आमच्या परंड्याला आणली. पुढे १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले आणि त्याला पाणी देण्यासाठी जमिनीखालची नहर खोदवली. ना मोट, ना रहाट. केवळ उताराचा हिशेब. या नहरीवरही जागोजाग उतरायची तोंडे होती. पुढे त्या शहरात याच पद्धतीचे आणखी नळ झाले. पाणचक्की ज्या पाण्याने फिरे तेही हर्सूलच्या बाजूने असेच आलेले. विसाव्या शतकातही शहराच्या काही भागांना नहरीचे पाणी मिळत होते. नंतर शहर वाढले. तोंडे घरांच्या अंगणात गेली, कोणी ती बुजवली, कोणी त्यांवर भिंत उभी केली. वरची खूण गेली की खाली काय आहे याची पर्वा जाते. मग पायासाठी खणणाऱ्याने नहर फोडली तर त्याला दोष तरी काय द्यावा?

पुण्यात २०१९ साली स्वारगेटला मेट्रोसाठी खोदताना जमिनीखाली बांधीव भुयार लागले, तेव्हा काही दिवस वर्तमानपत्रांत तर्कवितर्क चालले. जुन्या पाणीपुरवठ्याशी त्याचा संबंध जाणकारांनी सांगितला. ज्या शहरात उच्छ्वास हा शब्द जन्माला आला तिथेही आपल्या पायांखाली काय आहे हे यंत्र आपटल्यावरच समजते.

नळ मुका झाला तो कधी

हा बदल केव्हा झाला, याचे उत्तर माझ्या मते नळाच्या जातीत आहे. एकोणिसाव्या शतकात बिडाचे नळ आले. त्यांतून पाणी दाबाने जाते. उतारावर वाहणाऱ्या पाण्याला वाटेत श्वास घ्यायला मनोरे लागत. दाबाच्या नळाला ते लागत नाहीत. चढावर जिथे हवा साठते तिथे एक छोटा एअर व्हॉल्व्ह पुरतो. तो उच्छ्वासाचाच वंशज, पण हातभर खड्ड्यात लोखंडी झाकणाखाली बसणारा. जुन्या नळाची खूण ही नळाच्या चालण्याचीच गरज होती, म्हणून ती कोणी वेगळी लावली नाही. नव्या नळाला खुणेवाचून चालते. म्हणून ती कोणी लावलीच तर निव्वळ शहाणपणाने लावायची, आणि शहाणपणासाठी अंदाजपत्रकात रकाना नसतो.

त्यानंतर पीव्हीसी आले आणि खेड्यातला प्रश्न दुप्पट झाला. आमच्या भागात पाण्यासाठी माणूस काय वाटेल ते करतो. विहिरीपासून, बोअरपासून, धरणाच्या फुगवट्यापासून शेतकरी दुसऱ्यांच्या रानांतून पाइपलाइन नेतात. बांधावरचे बोलणे झाले, फार तर स्टॅम्प पेपर झाला, की चर खणून पाइप गाडतात. वर पुन्हा नांगर फिरतो आणि पहिल्याच पावसानंतर चराची रेघ दिसेनाशी होते. गावात पाणीयोजना एकावर एक झालेल्या असतात. जुनी लाइन बंद केली तरी कोणी उकरून काढत नाही. आता जल जीवन मिशनचे घरोघरचे नळ आहेत, ग्रामपंचायतीपर्यंत आलेली इंटरनेटची केबल आहे. वरून सिमेंटचा रस्ता, त्यावर पेव्हर ब्लॉक. दर थराबरोबर व्हॉल्व्हची झाकणे आणखी खाली जातात. आमच्या आळीचे झाकण गेले तसे.

ठाण्यातली घटना वाचकांना आठवत असेल. तिथे बोअर घेताना मुंबईला पाणी नेणाऱ्या जलबोगद्याला छिद्र पडले. साडेपाच मीटर व्यासाचा, भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे जाणारा हा बोगदा. त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. बोअरचे छिद्र वीतभर. तहान कोटीभर माणसांची. माझा फवारा आठवून मी ती बातमी दोनदा वाचली.

ठाण्यात निदान पाणीच होते. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात २८ एप्रिल १९९५ रोजी सकाळी भुयारी रेल्वेच्या कामाच्या जागी स्फोट झाला. जवळच एका मोठ्या दुकानाच्या बांधकामासाठी छिद्र पाडताना गॅसचा नळ फुटला होता आणि गॅस भुयारात साचला होता. १०१ माणसे गेली. त्यांत शाळेला निघालेली मुले बरीच होती. एवढे व्हायला कोणाचा दुष्ट हेतू लागला नाही. खोदणाऱ्याला खाली काय आहे ते माहीत नव्हते, इतकेच.

विचारण्याची सोय

अमेरिकेत खोदण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन करतात. हा क्रमांक देशभर सुरू झाला २००७ मध्ये. फोन केला की ज्यांच्या ज्यांच्या तारा आणि नळ त्या जागेखालून जातात त्यांना निरोप जातो. त्यांची माणसे येऊन जमिनीवर रंगाने रेघा मारतात: विजेला तांबडा, गॅसला पिवळा, टेलिफोन आणि केबलला नारिंगी, पिण्याच्या पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा. जिथे खोदायचे ती जागा पांढऱ्याने दाखवतात. घरापुढे झाड लावायचे असले तरी हाच रिवाज. म्हणजे उच्छ्वासाचे काम चार दिवसांपुरते रंगाकडून करून घ्यायचे.

आपल्याकडे याच धर्तीचे 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. ठाण्याच्या बोगद्यासाठी मुंबईत कपात लागू झाली ती त्यानंतर नवव्या दिवशी. समन्वयावाचून होणाऱ्या खोदकामामुळे देशात दरवर्षी सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा आकडा तेव्हा सरकारने दिला. त्याच वर्षाच्या आरंभी, दूरसंचाराच्या तारांचे रक्षण करण्यासाठी, खोदणाऱ्याने आधी सूचना देण्याचा नियमही आला. हे चांगलेच झाले. पण ॲपला विचारले तर ज्याची नोंद आहे तेच ते सांगणार. माझ्या दारातला नळ कोणाच्या नोंदीत नव्हता. तो काकांच्या पावलांत होता.

मग यंत्राने शोधावे म्हटले तर आमची माती आडवी येते. लोखंडी नळ आणि तांब्याची तार विद्युत-चुंबकीय यंत्राला सापडतात. पीव्हीसीचा पाइप सापडत नाही. त्याच्याबरोबर तांब्याची एक तार टाकून ठेवली असेल तरच तो सापडतो. जमिनीत लहरी सोडून खालचे पाहणारे रडार असते, पण ओल्या चिकण मातीत त्या लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात. शिवाय आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्या पोटातला पाइप वर्षानुवर्षे जागचा थोडाथोडा हलतो. त्यामुळे आमच्या मुलखात अजून तरी सगळ्यांत भरवशाचे साधन एकच आहे. ज्याने पाइप टाकताना पाहिला, किंवा तो टाकला, तो माणूस.

शीव चालणारा

इथे मला गावगाड्याची एक जुनी गोष्ट आठवते. दोन गावांत शिवेचा वाद पडला की मराठेशाहीत गोतसभा बसे, पांढरीची वडीलधारी माणसे साक्ष देत. त्या साक्षींत महार वतनदाराच्या साक्षीला मोठे वजन असे. शीव कुठून जाते हे त्याने पिढ्यान् पिढ्या पायांनी राखलेले असे, आणि पंचांपुढे ती चालून दाखवण्याचे कामही त्याच्याकडे येई. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच पावलांवर गाव आपली जमीन ठरवी. हा विरोधाभास त्या काळच्या कागदांत आहे, पण तो कागद लिहिणाऱ्यांना बोचला असेल असे मला वाटत नाही.

तो विरोधाभास आज नव्या रूपात आहे. गावाच्या जमिनीखालचे गाव ज्याला माहीत आहे, तो ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. कोणत्या आळीला किती वाजता पाणी, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कुठली लाइन बंद आहे आणि कुठली बंद दिसते पण चालू आहे, हे सगळे त्याच्या डोक्यात. पगार मात्र गावात सगळ्यांत तुटपुंजा. पाणी उशिरा आले की शिव्या त्याला. त्याने काम सोडले की त्याच्या हातची लोखंडी चावी दुसऱ्याला मिळते. डोक्यातले कोणी मागून घेत नाही. गावात सप्ताह होतो, सत्कार होतात. त्यात आमच्या काकांना नारळ दिल्याचे मला आठवत नाही, आणि मीही कधी ते सुचवले नव्हते.

यात्रा झाल्यावर मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते हसले. "आता काय फोडायचं ठरीवलंय?" म्हणाले. पण आले. उन्हे कलल्यावर तीन संध्याकाळी आम्ही गाव चाललो. मोजमाप त्यांच्या पावलांचे: पारापासून अकरा पावले, मग विजेच्या खांबाकडे तोंड करून सात. मी प्रत्येक ठिकाणी फितीने अंतर घेतले आणि दोन पक्क्या जागांपासून लिहिले, म्हणजे एक जागा मोडली तरी दुसरीवरून सापडावी. नळ हुडकायच्या त्यांच्या खुणाही त्यांनी दाखवल्या. भर उन्हाळ्यात एखाद्या ओळीत हरळी हिरवी राहिली की खाली पाझर आहे. रात्री गाव निजल्यावर लोखंडी सळईचे एक टोक झाकणाच्या आत व्हॉल्व्हला टेकवायचे, दुसरे कानाला, म्हणजे गळतीची सरसर ऐकू येते. पिंपळ जिथे कारण नसताना जोमाने वाढतो तिथे सांध्यात मूळ शिरल्याचा संशय धरायचा. नळाच्या जागी नवी माती भरलेली असते, म्हणून तिथे पहार जरा सहज जाते. पण केबलच्या जागी पहार मारायची नाही. हे शेवटचे त्यांनी दोनदा बजावले.

चौथ्या संध्याकाळी वरच्या वस्तीकडे जायचे होते. त्या दिवशी त्यांना बरे नव्हते. मग पेरण्या आल्या, मोटारींचे काम वाढले, मी आज जाऊ उद्या जाऊ करत राहिलो. भाद्रपदात काका गेले.

माझ्या वहीत गावाचा खालचा अर्धा भाग आहे. तो मी स्वच्छ काढून त्याच्या प्रती ग्रामपंचायतीत आणि शाळेत दिल्या आहेत. व्हॉल्व्हच्या नऊ जागी भिंतींवर निळ्या रंगाने बाण काढून अंतर लिहिले आहे. वरच्या वस्तीचे पान कोरे आहे. तिथे कोणाला पाया खणायचा असेल तर मी त्याला अजून एवढेच सांगू शकतो की पहिले दोन फूट हाताने खोद, जेसीबी नंतर लाव.

हा अंक हाती पडेल तेव्हा वाचकांपैकी कितीतरी जण दिवाळीसाठी गावी गेलेले असतील. घरापुढे काही लावायचे, बांधायचे मनात असेल. त्याआधी गावात पाणी कोण सोडतो, आणि त्याच्या आधी कोण सोडत होता, ते विचारा. तो भेटला तर वही घेऊन त्याच्याबरोबर गाव एकदा चाला. उद्यावर टाकू नका.